टिपलेले घुबड

‘टिपणे’ हा मराठीतला मोठा गमतीचा शब्द आहे. चिमणी अंगणातले दाणे टिपते. शिकारी सावज टिपतो. छायाचित्रकार एखादा क्षण टिपतो, आणि वर्गात सांगितलेले मुले वहीत टिपून घेतात. चोच, बंदूक, कॅमेरा आणि लेखणी या चौघांना मराठीने एकच क्रियापद दिले आहे. माणसाने घुबडाकडे कसकसे पाहिले, याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या एका शब्दाच्या आधाराने सांगता येतो. आज तोच सांगण्याचा विचार आहे.

घुबड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किर्र जंगल, पडका वाडा किंवा स्मशान येते. इतके लांब जायचे कारण नाही. आपल्या कागलची पंचतारांकित एमआयडीसी घ्या. पुणे-बंगळूर महामार्गापासून जवळच, कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेली ही वसाहत. फौंड्र्या, कापडाचे कारखाने, यंत्रांचे सुटे भाग करणारे उद्योग. भोवती माळ आणि उसाची शेते. रात्रपाळी सुरू झाली की रस्त्यावरच्या दिव्यांभोवती किड्यांचे थवे जमतात. मोकळ्या भूखंडांवर गवत माजते आणि गवतात उंदीर नांदतात. पिंगळ्याला संसार थाटायला याहून अधिक काही लागत नाही. जेमतेम वीतभर उंचीचा, राखाडी-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला, गोल पिवळ्या डोळ्यांचा हा छोटा घुबड माणसाच्या वस्तीला बिचकत नाही. चहाच्या सुट्टीत बाहेर आलेला एखादा कामगार तारेवर बसलेल्या पिंगळ्याचा फोटो आज खिशातल्या मोबाइलवर घेऊ शकतो. दीडशे वर्षांपूर्वी जगातल्या कोणत्याही पक्षिशास्त्रज्ञाला हे जमण्यासारखे नव्हते. मधल्या काळात काय घडले?

शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी घुबडाला ओळखले ते शेतकऱ्याने, आणि ओळखले ते कानाने. रात्री पिकाला पाणी पाजायला गेलेल्या माणसाला घुबड क्वचितच दिसते, पण ऐकू हमखास येते. पिंगळ्याची चिरचिर वेगळी, शृंगी घुबडाचा खोल घुमणारा हुंकार वेगळा, गव्हाणी घुबडाची अंगावर काटा आणणारी किंचाळी वेगळी. पिंगळा, हुमा, शिंगळा, गव्हाणी अशी नावे आपल्या बोलीत आहेत. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या वनाधिकारी लेखकाने आदिवासी आणि खेडूत यांच्या तोंडची अशी पाखरांची नावे आयुष्यभर गोळा केली आणि मराठीला पक्षिकोश दिला.

पिंगळा तर आपल्याकडे दोन आहेत. एक पक्षी आणि दुसरा माणूस. पहाटेच्या अंधारात कुडमुडे वाजवत दारोदार येणारा, भविष्य सांगून सुपातले धान्य घेऊन जाणारा तो पिंगळा. त्याला पिंगळ्या पाखराची भाषा कळते अशी समजूत होती. संतांनीही आपल्या रूपकांत या पिंगळ्याला जागा दिली. म्हणजे मराठी माणसाने या पक्ष्याला फक्त अशुभ मानले असे म्हणणे पुरते खरे नाही. त्याचे बोलणे ऐकण्याजोगे आहे, असेही मानले.

दुसरी समजूत अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. घुबडाला दगड मारू नये. मारलाच तर घुबड तो उचलून नेते आणि पाण्यात टाकते, मग दगड जसजसा झिजतो तसतसा मारणाराही झिजत जातो. समजूत भाबडी खरी, पण तिचा परिणाम पाहा. पोरांच्या हातातला दगड हातातच राहिला. भीतीने का होईना, गावाने घुबडाला राहू दिले.

एकोणिसाव्या शतकात या चित्रात बंदूक आली. शिकार आपल्याकडे नवी नव्हती. कोल्हापूर संस्थानात तर चित्ते शिकवून माळावरच्या काळविटांवर सोडले जात. पण इंग्रज अधिकाऱ्यांची बंदूक पक्ष्यांकडे वळली ती खेळासाठी आणि ताटासाठी जशी, तशीच ज्ञानासाठीही. आज हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण त्या काळी चांगल्या दुर्बिणी दुर्मीळ होत्या. कॅमेरे होते ते जड लाकडी पेटीचे. त्यांच्यासमोर माणसालाही कितीतरी वेळ न हलता बसावे लागे, तिथे पाखराची काय कथा! पक्षी नेमका कोणता हे ठरवायचे तर तो हातात हवा. म्हणून तो पाडायचा, कातडे अलगद सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण आणि टिपणाऱ्याचे नाव. ही चिठ्ठी लक्षात ठेवा. या गोष्टीत पुढे तिलाच सर्वांत मोठे काम आहे.

या संग्राहकांचे मेरुमणी होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. राजकारणाच्या आधी त्यांचा जीव पक्ष्यांत अडकला होता. देशभरचे अधिकारी, डॉक्टर, रेल्वेचे इंजिनिअर त्यांना पक्ष्यांची कातडी पाठवत. त्यांतलेच एक एफ. आर. ब्लेविट. १८७२ च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात त्यांनी एक लहान घुबड टिपले. दिसायला पिंगळ्यासारखेच, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, शेपटीवर ठसठशीत पांढरे पट्टे, डोके आणि पंजे अंगाच्या मानाने मोठे. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि शास्त्रीय नावात ब्लेविट यांचे नाव गुंफले. मराठीत आपण त्याला रानपिंगळा म्हणतो.

१८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातल्या खरियार इथे आणखी एक मिळाला. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन हे सनदी अधिकारी खानदेशात होते. सातपुड्याच्या पायथ्याशी शहादा-तळोदा भागात त्यांनी १८८० ते १८८४ या काळात काही रानपिंगळे टिपले. १८८४ नंतर रानपिंगळा कुणाला दिसला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उरली फक्त सात कातडी. ह्यूम यांनी आपला ऐंशी हजारांच्या घरातला कातड्यांचा आणि अंड्यांचा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली होती आणि अभ्यास पुढे चालू राहिला. रानपिंगळा मात्र कपाटातल्या खणात पडून राहिला.

बंदुकीला दोष देणे सोपे आहे. पण सालीम अली यांची सुरुवातही बंदुकीनेच झाली हे विसरता येत नाही. १९०८ साली लहानग्या सालीमने छर्र्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती, हे विचारायला तो सोसायटीच्या कचेरीत मिलार्डसाहेबांकडे गेला, आणि तिथून भारतीय पक्षिशास्त्राचा एक मोठा अध्याय सुरू झाला. मेलेले पाखरू हातात होते म्हणूनच तो प्रश्न पडला. पुढे त्याच सालीम अलींनी देशाला जिवंत पाखरू पाहायला शिकवले.

सालीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ले यांनी १९७० च्या दशकात रानपिंगळ्याचा शोध घेतला. तो सापडला नाही. त्याच सुमारास रानपिंगळ्याचे म्हणून एक छायाचित्र पुढे आले. आनंद झाला, पण टिकला नाही; बारकाईने पाहिल्यावर तो आपला साधा ठिपकेवाला पिंगळाच निघाला. म्हणजे कॅमेऱ्याने टिपले ते खरे, पण खाली लिहिलेले नाव चुकले. पक्षी नामशेष झाला असावा, असे अनेकांना वाटू लागले.

शोध फसण्यामागे आणखी एक कारण होते, आणि ते कुणाच्या ध्यानात आले नव्हते. ब्रिटिश म्युझियममध्ये रानपिंगळ्याचे एक कातडे होते. त्याच्या पायाच्या चिठ्ठीवर लिहिले होते: मांडवी, गुजरात, ऑक्टोबर १९१४. टिपणारे कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन. हे ब्रिटिश सैन्यातले नावाजलेले अधिकारी आणि पक्ष्यांचे मोठे जाणकार. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? १८८४ नंतरची एवढीच एक नोंद असल्यामुळे शोधणाऱ्यांच्या नकाशात तापीकाठच्या मांडवीला महत्त्वाची जागा मिळाली होती.

शंका घेतली ती अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन या पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी. दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरच्या एका मोठ्या मार्गदर्शक ग्रंथाचे काम त्या करत होत्या. हा ग्रंथ २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी जुनी कातडी एकेक करून तपासताना कर्नलसाहेबांच्या चिठ्ठ्या आणि पक्षी यांचा मेळ बसेना. नायजेल कॉलर या ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर त्यांनी रानपिंगळ्याची सगळी कातडी तपासली. क्ष-किरणांनी आतले पाहिले. कातडे कसे सोलले, सांधे कुठे कापले, आत काय भरले याची प्रत्येकाची एक ढब असते. शिंप्याचा हात टाक्यावरून ओळखू यावा तशी. त्या कथित १९१४ च्या कातड्यात डेव्हिडसन यांचा हात दिसत होता. वरून दुसऱ्याच कुणीतरी नवी डागडुजी केलेली होती. म्हणजे डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात टिपलेला रानपिंगळा कर्नलसाहेबांनी संग्रहालयातून पळवला, उसवून पुन्हा भरला आणि त्यावर स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी बांधली. १९९९ मध्ये या दोघांनी हा सगळा प्रकार शोधनिबंधात मांडला. तोवर कर्नलसाहेबांना जाऊन तीस वर्षे उलटली होती.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर नकाशा स्वच्छ झाला. उरली ती जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्यांवरची ठिकाणे: फुलझर, खरियार, शहादा, तळोदा. १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे अमेरिकन भारतात आले. आधी त्यांनी पूर्वेकडची ठिकाणे पालथी घातली. हाती काही लागले नाही. मग ते खानदेशात उतरले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, बेन किंग यांना एक लहान घुबड दिसले. ऊन पडलेले, घुबड उघड्या फांदीवर बसलेले. डोक्यावर ठिपके नाहीत, पंजे दांडगे, शेपटीवर ठसठशीत पट्टे. ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा माणसाच्या नजरेला पडला होता.

या वेळी कुणाच्या हातात बंदूक नव्हती. त्यांनी छायाचित्रे घेतली, व्हिडिओ चित्रण केले, खुणा लिहून घेतल्या आणि पक्षी होता तिथे राहू दिला. तेवढा पुरावा जगाला पुरला. ज्या पक्ष्याचे अस्तित्व आधी सात मेलेल्या कातड्यांवर टेकले होते, ते आता एका जिवंत पक्ष्याच्या चित्रावर टेकले.

इतकी वर्षे तो का दिसला नाही, याचे उत्तर पुढच्या अभ्यासातून मिळाले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तळोदा, तोरणमाळ आणि मेळघाट या भागांत रानपिंगळ्याचा माग काढला. गिरीश जठार यांनीही पुढे त्याच्या राहणीचा अभ्यास केला. रानपिंगळा बहुतांशी दिवसा वावरतो. सागाच्या विरळ रानात, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसून सरडे, उंदीर, किडे टिपतो. घुबड म्हणजे रात्र आणि दाट झाडी, हे आपण आधीच ठरवून टाकले होते. पक्षी मात्र उन्हात उघड्यावर बसला होता. पुढे यावलच्या रानातूनही त्याच्या नोंदी आल्या. २०१४ मध्ये तर तो तानसा अभयारण्यात दिसला. तानसा म्हणजे मुंबईला पाणी पुरवणारा तलाव! जिथले पाणी लाखो लोक रोज पितात, तिथल्या झाडावर जगातले एक दुर्मीळ घुबड बसलेले होते. नवीन ठिकाणे सापडत गेली म्हणून २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ या यादीतून ‘संकटग्रस्त’ या यादीत आणले गेले. पण प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे, म्हणजे काळजी मिटलेली नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. कॅमेरा कोल्हापूरकरांना परका नाही. बाबूराव पेंटरांनी स्वदेशी कॅमेरा इथेच घडवला आणि १९२० चा ‘सैरंध्री’ त्याच परंपरेतला. पण स्टुडिओत उन्हाच्या तिरिपीत उभ्या असलेल्या नटाला टिपणे वेगळे आणि अंधारात आवाज न करता उडणाऱ्या पाखराला टिपणे वेगळे. घुबडाच्या पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, कडा मऊ झालरीसारख्या असतात. त्यामुळे हवा कापताना फडफड होत नाही. डोळे खोबणीत फिरत नाहीत म्हणून ते मानच फिरवते, तीही जवळजवळ पाऊण फेरा. गव्हाणी घुबडाचे दोन कान डोक्यावर एका पातळीत नसतात, एक किंचित वर आणि एक खाली. आवाज कोणत्या कानाला आधी आणि किती जोरात पोचतो यावरून त्याला उंदीर नेमका कुठे आहे ते कळते. रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने पूर्ण अंधाऱ्या खोलीत, जमिनीवर पाचोळा पसरून हे सिद्ध केले. डोळ्यांचा उपयोगच होणार नाही अशा काळोखात घुबडाने केवळ खसखस ऐकून उंदीर पकडला.

असा हा पक्षी. त्याला कॅमेऱ्यात पकडण्यासाठी माणसांनी फार सोसले. इंग्लंडचे एरिक हॉस्किंग हे पक्षिछायाचित्रणातले थोर नाव. १९३७ साली वेल्समध्ये एका तपकिरी घुबडाच्या घरट्याजवळ ते कॅमेरा लावायला गेले. अंधारात घुबडाने झडप घातली आणि हॉस्किंग यांचा डावा डोळा गेला. त्यानंतरही त्यांनी आयुष्यभर घुबडांची छायाचित्रे काढली, घुबडाविषयी कडवटपणा न ठेवता. पिलांजवळ आलेल्या परक्याशी आई जे करते तेच त्या घुबडाने केले होते. पुढे विजेरी फ्लॅश आला, हॉस्किंग यांनी तोही पक्ष्यांसाठी वापरून दाखवला. आपल्याकडे सालीम अलींबरोबर हिंडून लोक वान थो या सिंगापूरच्या उद्योगपतीने भारतीय पक्ष्यांची देखणी छायाचित्रे काढली. मचाणासारख्या आडोशात तासन्‌तास बसायचे आणि रोलमधली मोजकी छायाचित्रे जपून वापरायची, असा तो काळ होता. प्रत्येक चित्राला पैसे पडत, म्हणून बोट दाबण्याआधी डोळा भरपूर काम करी.

डिजिटल कॅमेऱ्याने हा हिशेब बदलला. अंधुक उजेडातही फ्लॅशविना चित्र मिळू लागले आणि शंभर चित्रांना एका चित्राइतकाच खर्च येऊ लागला. याचा मोठा फायदा झाला. घुबडाचा चेहरा लोकांनी पहिल्यांदाच नीट पाहिला. गव्हाणी घुबडाचा बदामासारखा पांढरा चेहरा किंवा झाडाच्या ढोलीतून डोकावणारी पिंगळ्याची पिले पाहून ‘अपशकुनी’ हा शब्द सहजी तोंडात येत नाही. पुण्याच्या एला फाउंडेशनने डॉ. सतीश पांडे यांच्या पुढाकाराने घुबडांचा अभ्यास केला आणि २०१८ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात घुबडांचा उत्सवच भरवला. गावातल्या मुलांनी घुबडांची चित्रे काढली, गाणी म्हटली. पुढच्या वर्षी पुण्यात घुबडांवरची जागतिक परिषदही झाली.

हे सगळे हवेच आहे, कारण दुसरी बाजू काळी आहे. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडून विकण्याचा धंदा देशात चालतो. ‘ट्रॅफिक इंडिया’ या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात घुबडांच्या निम्म्या जातींचा चोरटा व्यापार होत असल्याचे मांडले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, मारणे, विकणे हा गुन्हा आहे. लक्ष्मीचे वाहन म्हणायचे आणि लक्ष्मीच्याच सणाला त्याची मान पिरगळायची, हा व्यवहार कोणत्या धर्मात बसतो?

पण कॅमेरा हातात असलेल्यांनीही स्वतःला काही प्रश्न विचारायला हवेत. घरट्याचा पत्ता मोबाइलवरून फिरला की दुसऱ्या दिवशी वीस जण ढोलीसमोर उभे राहतात. पिलांना भरवायला आलेले नर-मादी परत फिरतात. ध्वनिमुद्रित आवाज वाजवला की घुबड आपल्या हद्दीत परका शिरला समजून धावून येते; छायाचित्र मिळते, पण त्याची रात्रीची शिकार बुडते. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर पुन्हा पुन्हा फ्लॅश मारला जातो. काही ठिकाणी तर उंदीर बांधून ठेवतात आणि झडपेचे चित्र घेतात. पाहणाऱ्याला हे कळत नाही. तो समजतो, रानातला खरा प्रसंग टिपला आहे. अशा चित्राला आणि कर्नलसाहेबांच्या चिठ्ठीला फारसे वेगळे काय म्हणायचे? मांडवीच्या खोट्या चिठ्ठीने कित्येक वर्षे जाणत्यांना चुकीच्या दिशेला नेले. बनवलेले चित्र, मुद्दाम चुकीचे सांगितलेले ठिकाण किंवा घाईत दिलेले चुकीचे नाव हेही तेच करते.

म्हणून शेवटी लेखणीचे टिपणे राहते, आणि त्याला महागडा कॅमेरा लागत नाही. आपल्या एमआयडीसीतल्या पिंगळ्यापासून कुणालाही सुरुवात करता येईल. एक वही घ्यावी. तारीख, वेळ, जागा लिहावी. खांबावर होता की तारेवर, एकटा की जोडी, काय खात होता, कसा ओरडला, ते लिहावे. गव्हाणी घुबड रोज बसते त्या जागेखाली करड्या, वाळलेल्या गोळ्या पडलेल्या आढळतात. गिळलेल्या उंदराची न पचणारी हाडे आणि केस ते अशा गोळीच्या रूपाने तोंडावाटे टाकते. ती गोळी काडीने उकलली तर आत उंदराच्या कवट्या मिळतात. पक्ष्याला हात न लावता, त्याची झोप न मोडता, त्याने काल रात्री किती उंदीर मारले ते कळते. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

हिवाळ्यात लक्ष माळाकडेही असावे. आखूडकानी घुबड हा परदेशी पाहुणा थंडीत महाराष्ट्रातल्या गवताळ माळांवर उतरतो आणि झाडावर न बसता गवतात जमिनीवरच विसावा घेतो. सरकारी कागदावर ज्या माळाला पडीक म्हणतात, ती त्याची मुक्कामाची जागा असते. कारखाने हवेत, रोजगार हवा, यात वाद नाही. पण एखाद्या मोकळ्या भूखंडावर कोण राहत होते, हे कुणी लिहूनच ठेवले नसेल तर तो भूखंड भरल्यावर काय गेले ते सांगणारही कुणी उरत नाही. डेव्हिडसनसाहेबांनी चिठ्ठीवर ‘शहादा’ आणि ‘तळोदा’ असे प्रामाणिकपणे लिहिले नसते, तर १९९७ मध्ये तिथे कोण गेले असते?

महाराष्ट्रात दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालीम अलींचा जन्मदिवस. त्या आठवड्यात बहुधा दिवाळीचे दिवस असतात किंवा ती नुकतीच होऊन गेलेली असते. हवेत गारवा असतो, गवत अजून उभे असते आणि पिंगळे संध्याकाळपासूनच बोलू लागतात. रात्रपाळीला निघालेल्या एखाद्या भावाबहिणीने त्या दिवसांत दहा मिनिटे आधी घर सोडावे, रस्त्याच्या कडेला गाडीचा दिवा मालवून उभे राहावे आणि ऐकावे. दिसला तर पाहावा, दुरूनच. फोटो निघाला तर ठीक. नाही निघाला तरी वहीत एक ओळ लिहायला विसरू नये, आणि ती खरी असावी.